तिसऱ्या मजल्यावरचं स्नॅपिंग टर्टल: ओळख, वाढ आणि घर

प्राणी: गोड्या पाण्यातलं कासव, वय वर्षाच्या आत, कवचाची सरळ लांबी 8.6 सेंटिमीटर. जागा: नाशिक, इंदिरानगर, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. काळ: डिसेंबर 2023. तक्रार: आठवडाभर काही खाल्लेलं नाही.

फोन एवढ्याचसाठी आला होता. मी घरोघरी फिशटँक बसवून देतो आणि त्यांची देखभाल करतो. कासवं हा या धंद्याचा न मागता गळ्यात पडलेला भाग. अशा फोनमागे बहुतेक वेळा रेड-इअर्ड स्लायडर निघतं, म्हणजे दुकानात नाण्याएवढं, हिरवंगार मिळणारं आणि डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव. इथे टाकीत डोकावलं तर तळाशी एक चिखलाच्या रंगाचा जीव बसलेला. डोकं अंगाच्या मानाने मोठं, पाठ खडबडीत, आणि शेपटी जवळजवळ कवचाएवढी लांब. स्लायडर माणसाला बघून खायला मागत वर येतं. हे हललंसुद्धा नाही, फक्त बघत राहिलं.

मे महिन्यात मुंबईच्या एका दुकानातून आणलेलं. "जपानी कासव आहे, तळहाताएवढं होतं, मग थांबतं," असं सांगून दिलेलं. बिल नाही. आणलं तेव्हा ते चार सेंटिमीटरच्या आसपास होतं, म्हणजे सात महिन्यांत लांबी दुप्पट झाली होती. वाढ थांबणाऱ्या प्राण्याची ही लक्षणं नव्हेत.

घरात चार माणसं, आणि कासवाबद्दल मतं तीन. आजींच्या लेखी ते आपल्याकडचंच, नदीतलं कासव. शंकराच्या देवळात नंदीपुढे असतं ते. घरात आलं हे चांगलंच, पण आता जीव कासावीस झालाय तर रामकुंडावर नेऊन सोडा, गोदामाई सांभाळून घेईल. वडील सातपूरला टूलरूममध्ये कामाला. त्यांच्या मते स्लायडरचीच ही तपकिरी जात, म्हणून त्यांनी इंटरनेटवर बघून टाकीत गळ्याइतकं पाणी भरलं होतं आणि वर तरंगता ओटा ठेवला होता. नववीतल्या मुलाचं मत ठाम होतं: "दादा, हे अ‍ॅलिगेटर स्नॅपिंग टर्टल आहे. पाठीवर तीन धारा बघा." आईचं मत असं काही नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच, की टाकी आता केवढी घ्यायची.

पण टाकीचं उत्तर आधीच्या प्रश्नात अडकलेलं होतं. आजी बरोबर असतील तर हा प्राणी घरात ठेवणंच गुन्हा. वडील बरोबर असतील तर खोल पाणी आणि बसायला कोरडा ओटा हवा. मुलगा बरोबर असेल तर पुढेमागे सत्तर-ऐंशी किलोचं जनावर सांभाळायची तयारी हवी. तीन ओळखींची तीन वेगवेगळी घरं, आणि त्यातलं कुठलंच दुसऱ्याला चालत नाही.

पाण्यात थर्मामीटर बुडवला तर 16 अंश. हीटर लावायला सांगितला आणि कासव टाकीतून घमेल्यात घेतलं.

ओळख कशी पटवली

मुलाच्या तीन धारांपासून सुरुवात करू, कारण गोंधळ तिथेच होतो. पाठीवर लांबीच्या दिशेने तीन उंचवटे ही काही एका जातीची मिरासदारी नाही. अ‍ॅलिगेटर स्नॅपिंग टर्टलला ते असतात आणि आयुष्यभर ठसठशीत राहतात. कॉमन स्नॅपिंग टर्टललाही लहानपणी असतात, फक्त वय वाढतं तसे झिजून सपाट होत जातात. आणि आपल्याकडे, भारतातच मिळणारं काळपट रंगाचं गोड्या पाण्यातलं कासव, मेलॅनोकेलिस ट्रायजुगा, त्याच्याही पाठीवर तीन धारा असतात. तेव्हा नुसत्या धारा मोजून जात सांगणारा माणूस निम्म्या वेळा चुकणार.

भारतीय कासवं बाजूला काढायला कासव उलटं करावं लागलं, क्षणभरच. आपल्या काळपट कासवाचं पोटाकडचं कवच भरलेलं असतं, पाटासारखं अख्खं पोट झाकतं, आणि शेपटी आखूड असते. या कासवाचं पोटाचं कवच म्हणजे एक अरुंद फुली होती. तिच्या चारी बाजूंनी पाय, मान, कातडी सगळं उघडं. नाशिकच्या आसपास तळ्यात, विहिरीत जे मऊ कवचाचं कासव सापडतं, त्याच्या पाठीवर खवल्यांऐवजी कातडं असतं आणि नाक नळीसारखं पुढे आलेलं असतं. तेही नव्हे. हे आजींना समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा लावून पोट नीट बघितलं आणि "मग हे कुठल्या देशाचं?" असं विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता.

उरली अमेरिकेतली दोन. यात माझा भर तीन खुणांवर असतो.

पहिली, डोळे. कासवाला बरोबर वरून बघायचं. कॉमन स्नॅपरचे डोळे वरून दिसतात, थोबाडाच्या पुढच्या बाजूला, वर सरकलेले. अ‍ॅलिगेटरचे डोळे डोक्याच्या कडेला असतात, वरून जवळजवळ दिसतच नाहीत. इथे दोन्ही डोळे वर, माझ्याकडे रोखलेले.

दुसरी, कवचाच्या कडेचे खवले. अ‍ॅलिगेटरच्या पाठीवरचे मोठे खवले आणि काठाचे छोटे खवले यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना, खवल्यांची एक जादा ओळ असते. दुसऱ्या कुठल्याच जिवंत कासवाला ती नाही. फोटो काढून मोठा करून बघितला की शंका राहत नाही. इथे ती ओळ नव्हती.

तिसरी, शेपटी. कॉमन स्नॅपरच्या शेपटीवर वरच्या बाजूने करवतीच्या दात्यांसारखी एक रांग असते. ती इथे एवढी स्पष्ट होती की मुलाने बोट लावून बघायला हात पुढे केला. तो आईने मागे ओढला.

चोच किती आकड्यासारखी वाकलेली आहे यावर मी जात ठरवत नाही; पिल्लात तो फरक डोळ्यांना फसवतो. जिभेवरचं गुलाबी, किड्यासारखं वळवळणारं आमिष ही अ‍ॅलिगेटरची खरी खूण आहे, पण ती बघण्यासाठी तोंड उघडायला लावणं हा शुद्ध आगाऊपणा.

म्हणजे केलिड्रा सर्पेन्टिना, कॉमन स्नॅपिंग टर्टल. दक्षिण कॅनडापासून फ्लोरिडापर्यंत, रॉकी पर्वतांच्या पूर्वेकडच्या तळ्यांत, दलदलीत, संथ नद्यांत राहणारं. मुलाचा चेहरा जरा पडला, जणू त्याच्या कासवाचा हुद्दा कमी केला. वडिलांनी मात्र सुटकेचा श्वास सोडला, तो फार काळ टिकला नाही. या जातीचं पूर्ण वाढलेलं कवच साधारण 25 ते 35 सेंटिमीटर भरतं, मोठे नर त्याच्याही पुढे जातात. वजन 5 ते 15 किलो. आणि आयुष्य? कॅनडात ओंटारियोतल्या अल्गॉन्क्विन पार्कात 1972 पासून या कासवांवर खुणा करून अभ्यास चालू आहे, आणि तिथल्या नोंदींवरून ही कासवं शंभरी ओलांडू शकतात असं दिसतं. आई म्हणाल्या, "म्हणजे सुनेला सांगून ठेवावं लागेल." त्या हसत होत्या, पण ते वाक्य पुढच्या सगळ्या निर्णयांत उपयोगी पडलं.

खात का नव्हतं

नाशिकच्या डिसेंबरात, निफाडकडे पारा घसरायला लागला की शहरातही बाल्कनीतली टाकी रात्रीत गार पडते. कासवाचं पोट बाहेरच्या उष्णतेवर चालतं; 16 अंशांच्या पाण्यात खाल्लेलं पचत नाही, म्हणून ते खाणं बंद करतं. तळ्याच्या तळाशी, बर्फाखाली हिवाळा काढणारी ही जात, तेव्हा थंडीने ते मरत नव्हतं. पण पिल्लाला रोज दुपारी 24 आणि पहाटे 16 अशा हेलकाव्यात ठेवणं वाईट, कारण दुपारी ते खातं आणि रात्री ते अन्न पोटात तसंच पडून राहतं.

दुसरी गोष्ट हाताला लागली. कवचाचा मागचा काठ बोटाने दाबला तर किंचित लवत होता. खाण्याची चौकशी केली: उकडलेलं चिकन, पनीर, भात, आणि डब्यातली वाळवलेली कोळंबी. यात कॅल्शियम जेमतेम. ऊन मिळतं का? "रोज सकाळी खिडकीत ठेवतो," वडील म्हणाले. ती खिडकी बंद काचेची. काचेतून ऊब येते, पण कवच घट्ट करायला लागणारे अतिनील-ब किरण काच जवळजवळ सगळे अडवते. कासव सहा-सात महिने उन्हात बसून अंधारातच होतं म्हणा ना.

जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. कवच मऊ पडायची सुरुवात आहे, हाडं अजून ठीक आहेत, असं त्यांचं निदान. इंजेक्शनं दिली नाहीत, घर आणि खाणं बदलायला सांगितलं. पाणी 25-26 अंशांवर स्थिर, वर अतिनील-ब ट्यूब, कासवांचं तयार दाणेदार खाद्य, गांडुळं, काट्यासकट छोटे ताजे मासे, आणि पाण्यात टाकायला थोडी पाणवनस्पती. ही कासवं पालाही खातात. नुसतं मांसाहारी समजून चिकनचा रतीब घालायची गरज नाही. जिवंत गोल्डफिश सोडायची मुलाची कल्पना मी मोडून काढली, कारण त्या माशात बी-1 जीवनसत्त्व नासवणारा घटक असतो. चार दिवसांत कासव खायला लागलं. कवचाचा काठ घट्ट व्हायला मात्र उन्हाळा उजाडला.

रामकुंड नव्हे

आजींचा प्रस्ताव पुन्हा एकदा आला, यावेळी कासव बरं झाल्यावर. त्यांचं म्हणणं सरळ होतं: परक्या देशातलं का असेना, जीव आहे, काचेत कशाला कोंडायचा?

मी त्यांना जपानची गोष्ट सांगितली. तिथे हीच कासवं हौशीने पाळली गेली, मोठी झाल्यावर तळ्यांत सोडली गेली, आणि चिबा प्रांतातल्या इन्बा तलावाच्या परिसरात त्यांची वीण सुरू झाली. 2005 पासून जपानने ही जात घातक परदेशी प्राण्यांच्या यादीत टाकली आहे. आता सरकार पिंजरे लावून पकडतं. मादी एका वेळी वीस ते चाळीस अंडी घालते, कधी जास्तही. गोदावरीचं पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरला जातं, जिथे 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, जाहीर झालं. तिथल्या पाणकोंबड्यांची पिल्लं, बेडूक, मासे आणि आपली स्वतःची कासवं यांच्यात हे बाहेरचं, सगळं खाणारं, शंभर वर्षं जगणारं तोंड सोडायचं का? आजी म्हणाल्या, "नको. गोदामाईला आधीच कमी त्रास नाही." विषय संपला.

कायद्याचा विषय मात्र तिथे सुरू झाला. नोव्हेंबर 2022 मध्ये पनामाला झालेल्या सायटीस कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिषदेत दोन्ही स्नॅपिंग टर्टल परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्यांच्या यादीत, घेतली गेली, आणि 23 फेब्रुवारी 2023 पासून ते लागू झालं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याची 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली. सायटीसमधल्या प्राण्यांसाठी तिने वेगळी अनुसूची केली आणि ते जिवंत बाळगणाऱ्यावर नोंदणीची जबाबदारी टाकली. तपशिलाचे नियम फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस आले: केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज, आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत, आणि पुढे हस्तांतर, जन्म, मृत्यू यांचीही नोंद.

वडील कागदाच्या बाबतीत शिस्तीचे. बिल नाही हे त्यांनी अर्जात तसंच लिहिलं, फोटो जोडले, वन विभागालाही लेखी कळवलं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की अर्ज केला म्हणजे सगळं धुऊन निघालं असं होत नाही. विभागाने प्राणी ताब्यात मागितला तर द्यायचा. पण लपवून ठेवलेल्या कासवासाठी कुणी शंभर वर्षांची योजना करू शकत नाही. डॉक्टर दाखवता येत नाहीत, शेजाऱ्यांपासून दडवावं लागतं, आणि शेवटी कंटाळून रात्री कुणीतरी पुलावरून टाकून देतं. माझ्या मते नदीत पोचणारी बहुतेक परदेशी कासवं अशीच, भीतीने पोचतात. (भारतीय कासव सापडलं असेल तर हा सगळा खटाटोप करूच नये, वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन करून सरळ सोपवावं. मऊ कवचाचं कासव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहे.)

टाकीचा हिशोब

स्लायडर पोहतं, स्नॅपर चालतं. या एका फरकावर सगळी मांडणी उलटते. स्नॅपर तळाशी दबा धरून बसतं, श्वासाला मान लांबवून नाकपुड्या वर काढतं. म्हणून पाण्याची खोली एवढीच हवी की तळावर उभं राहून, मान ताणून त्याला हवा घेता यावी. पिल्लाच्या बाबतीत ती कवचाच्या लांबीच्या दीडपट पुरे. वडिलांनी भरलेल्या खोल पाण्यात ते दिवसभर वर येण्यासाठी धडपडत असणार. तरंगता ओटा त्याने कधी वापरलाच नव्हता. ही कासवं ऊन खायला क्वचित वर येतात, तरी एक उतार ठेवावा.

तेव्हा लिटर विसरा आणि तळाचं क्षेत्रफळ बघा. माझा ठोकताळा असा: टाकीची लांबी कवचाच्या पाचपट, रुंदी तिप्पट, ही कमीत कमी. 8.6 सेंटिमीटरच्या पिल्लाला साठ बाय पस्तीसची टाकी काही महिने पुरते. 20 सेंटिमीटरला शंभर बाय साठ. 40 सेंटिमीटरच्या मोठ्या नराला दोन मीटर बाय एक मीटर वीस. हा आकडा ऐकल्यावर त्या घरात सगळ्यांनी हॉलकडे बघितलं.

आईंच्या डोक्यात एकदाच मोठी टाकी घेऊन मोकळं व्हायचं होतं. खर्चाच्या दृष्टीने ते चुकीचं नाही, पण तिसऱ्या मजल्यावर प्रश्न वजनाचा येतो. राहत्या खोल्यांचा स्लॅब भारतीय मानक 875 प्रमाणे चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो, एवढा वापराचा भार धरून केलेला असतो. पाणी एक सेंटिमीटर खोल असलं की चौरस मीटरला 10 किलो होतं. म्हणजे 20 सेंटिमीटर पाण्यातच हिशोब भरला, टाकी, वाळू, दगड अजून बाजूलाच. छोटी टाकी भिंतीलगत, तुळईवर ठेवली तर चालून जातं, कारण बाकीची खोली रिकामी असते आणि भार वाटला जातो. पण दोन मीटर बाय एक वीसच्या तळावर 40 सेंटिमीटर पाणी म्हणजे 960 किलो. ते हॉलमध्ये नाही ठेवायचं. गच्चीवर तर नाहीच. गच्चीचा भार याहून कमी धरलेला असतो, शिवाय वॉटरप्रूफिंग. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारायची वेळ येऊ न देणं हे शहाणपणाचं.

म्हणून दोन टप्पे ठरले. पहिला घरात: 120 बाय 60 ची टाकी, पाणी सुरुवातीला 15, पुढे 25 सेंटिमीटर. पूर्ण भरल्यावर 180 लिटर. भिंतीलगत, लोखंडी स्टँडवर, स्टँडच्या पायांखाली जाड प्लाय. हा टप्पा कवच 20 सेंटिमीटर होईपर्यंत. दुसरा टप्पा जमिनीवर, मातीवर, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी. तो कुठे, हे कासव दहा सेंटिमीटरचं असतानाच शोधायला लावलं.

घरातल्या टाकीत खर्च सगळ्यात जास्त फिल्टरवर झाला. स्नॅपरची घाण स्लायडरच्या वरताण, त्यामुळे टाकीवर लिहिलेल्या क्षमतेचा फिल्टर घेऊन भागत नाही; पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर बसणारा डब्यासारखा फिल्टर घेतला. त्यात जिवाणूंना वस्ती करायला सिरॅमिकच्या नळ्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असायला हवं, ते तपासायचे थेंब मुलाच्या ताब्यात दिले आणि तो वहीत लिहायला लागला. नळाचं पाणी क्लोरीन घातलेलं. बदलायचं पाणी बादलीत अँटीक्लोरीन टाकून मगच टाकीत. हीटर उघडा नको, ही कासवं काचेचा हीटर आदळून फोडतात. भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात तो घातला. आणि त्या बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच. पाण्यात हात घालणाऱ्या घरात ही गोष्ट ऐच्छिक नाही.

मापं वडील घेत. कवचाची सरळ लांबी, वळणावरून टेप लावून नाही. कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाने व्हर्निअर काढल्यावर मी गप्प बसलो. मार्च 2024 ला 10.9, जून 2024 ला 13.2, डिसेंबर 2024 ला 16.8. मधल्या काळात वाढ फार जोरात दिसली तेव्हा खाणं रोजच्याऐवजी एक दिवसाआड केलं. पायांच्या खोबणीतून कातडीचे फुगे बाहेर यायला लागले की समजावं, कासव वाढत नाही, सुटतंय. आजींना हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं.

मखमलाबादचं टाकं

जागा मिळाली मुलाच्या मामांकडे, मखमलाबादला. बैठं घर, मागे परस, पलीकडे द्राक्षबाग. मामांची पहिली सूचना होती शेततळं: "एवढं मोठं पाणी पडलंय, सोडा त्यात." शेततळ्याला प्लास्टिकचा कागद, उतार घसरडा. त्यात कासव नखांनी कागद फाडणार किंवा बाहेर येता न येऊन थकणार, आणि आलंच बाहेर तर ओहोळातून नदी गाठणार. शिवाय तळाशी गेलेलं कासव पुन्हा कधी डोळ्यांना दिसणार नाही. आजारी पडलं तरी कळणार नाही.

विटांचं टाकं बांधलं: आतून 2.4 मीटर बाय 1.5, भिंत 90 सेंटिमीटर, पाणी 40. भिंतीच्या वरच्या काठाला आतल्या बाजूने 15 सेंटिमीटरचा छज्जा, कारण स्नॅपर चढतात, आणि कोपऱ्यात तर दोन भिंतींचा आधार घेऊन फार वर जातात. तळ काँक्रीटचा, नुसती माती नाही, म्हणजे उकरून बाहेर पडायला नको. एका टोकाला 60 सेंटिमीटर रुंदीचा वाळूचा वाफा, 30 सेंटिमीटर खोल. कारण कासव मादी निघालं तर नर नसतानाही अंडी धरेल, आणि घालायला जागा न मिळाल्यास ती पोटात अडकून जिवावर बेततं. वर जाळीचं झाकण, कुत्री आणि मुंगूस यांच्यासाठी. शेजारची लहान मुलं हे कारण मी मामींच्या कानावर वेगळं घातलं.

नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं आणि पाणी जहाल करतं. टाकं भरून ठेवायचं, काही दिवसांनी सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं. पाण्याचा सामू (पीएच) खाली आल्यावरच प्राणी आत. मामांना ही दिरंगाई वाटली. मला विचाराल तर बांधकामातला हाच भाग सगळ्यात कमी केला जातो आणि सगळ्यात जास्त प्राणी मारतो.

तळाला व्हॉल्व्ह बसवून घाण पाणी केळीच्या आळ्यात काढलं. केळी त्या पाण्यावर माजली. भाजीच्या वाफ्यांना मात्र ते पाणी नाही, साल्मोनेलामुळे. कासवाला, त्याच्या पाण्याला हात लागला की साबणाने हात, आणि त्याची भांडी स्वयंपाकघरात धुवायची नाहीत. अमेरिकेत चार इंचांखालची कासवं विकायला 1975 पासून बंदी आहे ती याच जंतूमुळे, लहान मुलं ती तोंडात घालायची म्हणून.

कासव हलवलं ते फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस, थंडी ओसरल्यावर; तेव्हा ते 17.9 होतं. सगळ्यांना काळजी पुढच्या हिवाळ्याची होती, मला उन्हाळ्याची. या आकाराच्या निरोगी स्नॅपरला नाशिकची थंडी म्हणजे काहीच नाही. पाणी 15 अंशांखाली गेलं की खाणं थांबवायचं एवढंच. पण एप्रिलच्या उन्हात 40 सेंटिमीटर पाणी बघता बघता तापतं, आणि तळाशी पळून जायला थंड जागा नसते. द्राक्षबागायतदाराच्या घरी शेडनेट मागायची वेळ येत नाही. टाक्याचा दोन तृतीयांश भाग झाकला, आणि एका कोपऱ्यात सिमेंटच्या अर्ध्या पाइपाची गुहा केली. कासवाने ती पहिल्याच दिवशी बळकावली.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचं पाणी लागल्याच्या बातम्या येतात त्याच दिवसांत परसातलं टाकंही भरतं, आणि पाणी काठाशी आलं की छज्जाचा उपयोग संपतो. त्यासाठी 45 सेंटिमीटरवर दोन ओव्हरफ्लो पाइप, दोन्हींच्या तोंडावर जाळी. एकच ठेवला असता तर तो द्राक्षाच्या पानांनी तुंबला असता. जोरदार पावसात एक तुंबलाच, दुसऱ्याने काम केलं.

हाताळणी

घरातून मखमलाबादला नेताना मुलाने शेपटीला धरून उचलायची तयारी केली होती, कारण व्हिडिओत तसं दाखवतात. शेपटी हा पाठीच्या कण्याचाच पुढचा भाग. त्यावर सगळं वजन टांगलं तर मणके निखळतात. कवचाच्या दोन कडांना मधोमध धरणंही नको, कारण मान मागे वळून बरीच लांब पोचते. एक हात मागून पोटाखाली, दुसरा कवचाच्या मागच्या काठावर, तोंड आपल्यापासून लांब. त्याहून बरं, उचलूच नये. टब आडवा ठेवायचा, मागून फळीने हलकं ढकलायचं, टब उभा करायचा, झाकण.

पाण्यात हे कासव माणसापासून लांब पळतं. चावतं ते कोरड्यावर, कारण त्याचं पोटाचं कवच एवढं छोटं की आत लपणं शक्यच नाही, जबडा हाच त्याचा बचाव. आजी हाताने गांडूळ भरवायच्या ते मात्र पाण्यातच, आणि त्यामुळे ते हाताच्या सावलीकडे तोंड उघडून यायला लागलं होतं. त्यांना लांब चिमटा दिला. आता मखमलाबादला गेल्या की त्या तोच चिमटा पिशवीत नेतात, मामींचा वापरत नाहीत.

सध्या

ऑक्टोबर 2025 चं माप 20.7 सेंटिमीटर. कवच घट्ट, पाठीच्या धारा मधल्या भागात बोथट व्हायला लागल्या आहेत. शेपटीच्या मुळाशी असलेलं छिद्र कवचाच्या काठाच्या बाहेर आलेलं दिसतं, ती नराची खूण. खात्रीसाठी आणखी एक वर्ष थांबायचं डॉक्टरांशी ठरलं आहे, तोवर वाळूचा वाफा तसाच राहील.

वडिलांनी एक फाईल केली आहे: अर्जाच्या प्रती, मापांची वही, डॉक्टरांचे कागद, फिल्टर-व्हॉल्व्हचा नकाशा, आणि मामांच्या सहीचं एक पान. ते कुटुंब मखमलाबादहून हललं किंवा जागा विकली, तर कासवाचं काय करायचं याचा क्रम त्यात लिहिला आहे: आधी इंदिरानगरला कळवायचं, मग वन विभागाला, आणि तिसरा पर्याय लिहिलेलाच नाही. मुलगा दोन वर्षांत पुण्याला शिकायला जाईल, म्हणून पाणी तपासायचे थेंब मामांच्या धाकट्या मुलीला शिकवायला घेतले आहेत. तिला नायट्राइटचा गुलाबी रंग ओळखता येतो, अमोनियाच्या हिरव्या छटांत अजून गोंधळ होतो.